एचडीएमआय केबल घेताना सोनेरी टोक नको, लेबल बघा

(दोन केबल हातात, कॅमेऱ्यासमोर धरून)

या दोन एचडीएमआय केबल, टीव्हीपर्यंत चित्र आणि आवाज नेणाऱ्या. ही साधी, काळ्या प्लास्टिकची. आणि ही जाडजूड, वरून विणलेलं कापड, टोकाला सोन्याचा मुलामा, खोक्यावर लिहिलंय ‘अधिक जिवंत रंग’. दोन्ही नीट चालत असतील, तर चित्रात फरक किती? शून्य.

हे चटकन पटत नाही, कारण आपल्या डोक्यात अजून ती लाल-पांढरी-पिवळी वायर बसलेली आहे. तिच्यात सिग्नल जरा बिघडला की चित्रही जरा बिघडायचं. मुंग्या यायच्या, सावल्या पडायच्या. एचडीएमआयमधून जातात ते शून्य आणि एक. टीव्हीला ते ओळखता आले, तर चित्र जसंच्या तसं. नाही आले, तर लपून राहत नाही: पडद्यावर पांढरे ठिपके लुकलुकतात, आवाज तुटतो, पडदा मध्येच काळा होतो आणि परत येतो. हे दिसलं तर केबलवर संशय घ्या. पण नुसते रंग फिके वाटत असतील, तर केबल बिचारी निर्दोष आहे, टीव्हीचं पिक्चर सेटिंग बघा.

मग सोनं कशाला? टोक गंजू नये म्हणून. दमट हवेत त्याचा उपयोग आहे. ‘जिवंत रंग’ मात्र निव्वळ थापा.

बघायचं ते वेग आणि लांबी.

फोरके चित्र म्हणजे आडवे 3840 आणि उभे 2160 ठिपके, आणि ते सेकंदाला 60 वेळा नव्याने पाठवायचे. त्यासाठी केबलला सेकंदाला जवळपास 18 गिगाबिट, म्हणजे 18 अब्ज शून्य-एक, पेलावे लागतात. तेवढ्यासाठी ‘प्रीमियम हाय स्पीड’ केबल पुरते. नुसती ‘हाय स्पीड’ 10.2 गिगाबिटची, म्हणजे फुल एचडीला भरपूर, फोरकेला मात्र सेकंदाला 30 फ्रेमपर्यंतच. गेमिंग कन्सोलवर फोरके 120 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 120 वेळा, हवं असेल, तर ‘अल्ट्रा हाय स्पीड’, 48 गिगाबिट.

दुकानदार म्हणेल, ‘ही 2.1 ची केबल आहे.’ 2.1 हा एचडीएमआयच्या आवृत्तीचा आकडा, तो टीव्हीचा, कन्सोलचा. एचडीएमआयच्या नियमांनुसार केबलवर आवृत्तीचा नंबर छापायचाच नसतो, केबलची ओळख या वेगाच्या नावांनीच. (खोकं कॅमेऱ्याजवळ) हे लेबल दिसतंय? हा क्यूआर कोड एचडीएमआयच्या अधिकृत ॲपने स्कॅन केला की प्रमाणपत्र खरं की खोटं ते कळतं. खोक्यावर नुसतं ‘एटके सपोर्ट’ (फोरकेच्याही पुढचं चित्र) लिहिलेलं असेल आणि हे लेबल नसेल, तर मी तरी घेणार नाही.

आता लांबी. तांब्याच्या तारेत अंतर वाढेल तसा सिग्नल क्षीण होतो आणि वेग जितका जास्त तितका लवकर. टीव्हीखालच्या सेट-टॉप बॉक्सला दीड-दोन मीटर पुष्कळ झालं. प्रोजेक्टरसाठी दहा-पंधरा मीटर लागणार असेल, तर ॲक्टिव्ह ऑप्टिकल एचडीएमआय घ्या, आत काचेचे तंतू असतात. पण तिला दिशा असते! एका टोकावर ‘सोर्स’, दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’ लिहिलेलं असतं. उलटी लावली की पडदा कोरा. भिंतीतल्या पाइपमधून ओढायच्या आधी जमिनीवर पसरून चालवून बघा, नंतर भिंतीशी भांडण नको.

आवाजाचं थोडक्यात. टीव्हीपासून साउंडबारला जायला दोन वाटा. एक ऑप्टिकल, म्हणजे टॉसलिंक, तोशिबाने 1983 मध्ये आणलेली. (टोक दाखवत) या टोकावर बारीक पारदर्शक टोपी असते. ती काढायची राहते, प्लग बसत नाही, आणि माणूस साउंडबारला शिव्या देतो. टीव्ही चालू असताना दुसऱ्या टोकातून लाल उजेड दिसला, की समजा सिग्नल येतोय. मात्र यातून स्टीरिओ किंवा कॉम्प्रेस केलेला 5.1 (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) इतकंच जातं. ॲटमॉस, म्हणजे डोक्यावरूनही येणारा आवाज, हवा असेल तर दुसरी वाट धरा: टीव्हीच्या ज्या एचडीएमआय पोर्टवर ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ लिहिलंय, तिथून जा, साउंडबारसाठीचा आवाज त्याच पोर्टमधून बाहेर निघतो. शेजारच्या पोर्टमध्ये केबल खुपसून आवाजाची वाट बघत बसू नका.

लॅपटॉप यूएसबी-सीने टीव्हीला जोडणाऱ्यांनो, फोनच्या चार्जरसोबत आलेली केबल दिसायला तशीच असली, तरी ती बहुधा चित्र नेत नाही. आणि लॅपटॉपचा प्रत्येक यूएसबी-सी पोर्टही चित्र देतोच असं नाही, त्याचं माहितीपत्रक आधी वाचा.

आणि केबल चांगली, लेबल खरं, तरी फोरके 60 मिळत नाहीये? टीव्हीच्या इनपुट सेटिंगमध्ये जा. बऱ्याच टीव्हींवर एचडीएमआय पोर्टचा पूर्ण वेग आधीपासून बंद ठेवलेला असतो. कुठे त्याला ‘एन्हान्स्ड’ म्हणतात, कुठे ‘डीप कलर’. तो पर्याय प्रत्येक पोर्टला वेगळा असतो, म्हणून ज्यात केबल लावली आहे त्याच पोर्टचा चालू करा.