गेटसमोरचा चहा

नमस्कार श्रोतेहो. तासगावहून एका श्रोत्यांचं पत्र आलंय. अवजड यंत्रं बनवणारी कंपनी, पन्नास वर्षांची जुनी, हातात ऑर्डरी भरपूर, आणि पी-ई, म्हणजे शेअरचा भाव एका शेअरमागच्या वर्षाच्या नफ्याच्या किती पट ते, फक्त सात. शेअर घेऊ का, असं विचारतात.

पत्र वाचलं आणि मला माझे मामा आठवले. आपल्या सांगली जिल्ह्याला यंत्रांची माया जरा जास्तच. १९१० साली किर्लोस्करवाडी माळावर उभी राहिली, तेव्हापासून इकडं घरटी कुणीतरी फाउंड्रीत नाहीतर लेथवर. मामा टर्नर. रिटायर झाल्यावर फंडातले थोडे पैसे त्यांनी एका यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत घातले. कंपनी बाहेरगावची, नाव सांगत नाही.

दर तीन महिन्यांनी मामा एसटीनं त्या कारखान्यावर जायचे. आत नाही हं, समोरच्या चहाच्या टपरीवर. बाकड्यावर बसायचं, डायरी काढायची आणि बाहेर पडणारे ट्रेलर मोजायचे. एकदा मलाही नेलं. म्हणाले, "भाच्या, ट्रेलर नको बघू, चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे बघ. पाटे बसलेत म्हणजे माल भरलाय." त्या दिवशी दुपारपर्यंत तेवीस झाले. मामा खूश. "उद्या आणखी शंभर शेअर घेतो," म्हणाले.

चहा काचेच्या ग्लासात होता. आता कागदी कपात देतात, त्याला चहा म्हणायचं का हा वेगळा विषय, पण मी म्हणत नाही.

तर, उठताना एक ट्रेलरवाला आला, चहा घेतला आणि "लिहून ठेव" म्हणून निघाला. टपरीवाल्यानं वही काढली. एक नाही, सुतळीनं बांधलेल्या तीन. मामांनी विचारलं, "ड्रायव्हर उधार पितो?"

"काय करणार काका? कंपनीकडनं त्यांचं भाडंच चार महिने सुटलं नाही. माल जातोय ढीगभर, पैसा कुठं येतोय?"

मामा परतीच्या एसटीत एक शब्द बोलले नाहीत. घरी येऊन ट्रंकेतला वार्षिक अहवाल काढला, माझ्यासमोर टाकला. नफा वाढलेला. पण रोकड प्रवाहाच्या पानावर धंद्यातून आलेली रोकड उणे, आणि येणी, म्हणजे गिऱ्हाइकांकडून यायचे पैसे, फुगलेली. शंभर शेअर घेतले नाहीत. होते त्यातले निम्मे विकले. उरलेल्या निम्म्यांवरून मामी पुढं दहा वर्षं बोलत होत्या.

नफा कागदावर असतो, रोकड हातात. पुन्हा सांगतो, नफा कागदावर, रोकड हातात. हळदीच्या पेठेत हे कुणाला शिकवावं लागत नाही. बॉयलर किंवा टर्बाइन बनायला वर्षं लागतात. जसं काम होईल तसा नफा हिशेबात धरला जातो, पण गिऱ्हाइकाचा शेवटचा हप्ता यंत्र चालू होईपर्यंत अडकून राहतो. तोवर कारखाना चालतो बँकेच्या कर्जावर, आणि व्याज काही थांबत नाही.

आता तो पी-ई सात. किराणा मालाच्या धंद्यात सात म्हणजे स्वस्त. लोखंड, पोलाद, यंत्रं यांत तेजीच्या टोकाला नफा फुगतो, म्हणून पी-ई लहान दिसतो. मंदीत नफाच आटतो, तेव्हा तोच पी-ई आभाळाला टेकतो. म्हणून एका वर्षाचा नफा धरू नका, दहा वर्षांची सरासरी धरा. आणि जुनं नाव म्हणजे निर्धास्त, असंही नाही. टाटा स्टील १९०७ ची. २००७ मध्ये त्यांनी कर्ज काढून युरोपातली कोरस ही पोलाद कंपनी घेतली, पुढच्याच वर्षी जगभर मंदी आली आणि ते कर्ज कित्येक वर्षं अंगावर राहिलं. कंपनी टिकली, हो. पण वरच्या भावाला घेणाऱ्यानं काय सोसलं ते त्यालाच विचारा.

तर तासगावकर, अहवालातलं रोकड प्रवाहाचं पान उघडा. पाच वर्षांचा नफा एका ओळीत लिहा, धंद्यातून आलेली रोकड त्याखाली. दोन्ही ओळी पोस्टकार्डावर पाठवा, पुढच्या गुरुवारी त्यावरच बोलू. नमस्कार.