यंदाच्या मखरात मुरनाँग

नमस्कार मंडळी.

कार्यक्रम सुरू करताना आपण वुरुंजेरी लोकांच्या, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या, या भूमीला वंदन केलं. माझी विनंती आहे, यंदा ते वंदन आपल्या मखरात आणि रांगोळीतही दिसू दे. मेलबर्नमध्ये गणपती येतात तेव्हा वॉटल, म्हणजे इथली बाभळीच्या जातीची झाडं, पिवळाधमक फुललेला असतो. आपल्या सजावटीत तो नसावा, याचं मला वाईट वाटतं.

रांगोळीत सर्वांत आधी मुरनाँग काढू या. शेवंतीच्या कुळातलं हे पिवळं फूल. कळी मान खाली घालून असते, जमिनीत कंद. इथल्या बायका काठीनं कंद उकरायच्या, भाजायच्या. त्या उकरण्यानंच माती भुसभुशीत होऊन मुरनाँग पुन्हा जोमानं यायचा. 1835 मध्ये वसाहत झाली, मेंढरं आली आणि काही वर्षांतच पिढ्यान्‌पिढ्यांचं हे अन्न माळावरून जवळजवळ नाहीसं झालं. हे ठाऊक असलेला हात ते फूल अधिक जिव्हाळ्यानं काढेल.

मात्र ऑस्ट्रेलियन आदिवासींच्या ठिपक्यांच्या चित्रांची नक्कल नको. ती मध्य ऑस्ट्रेलियातल्या वाळवंटी मुलखातली. इथले चित्रकार म्हणजे वुरुंजेरींचे पुढारी विल्यम बराक. गेरू आणि कोळशानं त्यांनी पॉसम या झाडावर राहणाऱ्या प्राण्याच्या कातड्याची नक्षीदार पांघरुणं घेतलेली माणसं रंगवली. ऑगस्ट 1903 मध्ये, वॉटलच्या बहरात, ते गेले. त्यांचं एक चित्र 2022 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात निघालं, तेव्हा वंशजांनी पैसे उभे करून ते घरी आणलं. असा वारसा परस्पर उचलायचा नसतो. आपण आपल्याच रेषेत काढू: मॅना गम हा इथला निलगिरी, त्यावरचा पॉसम, काठावर वॉटल. गरुडाचं मात्र आधी वुरुंजेरी संस्थेला विचारू. बुंजिल हा गरुड त्यांचा सृष्टिकर्ता आहे, त्याला शोभेसाठी बसवणं मला पटत नाही.

कोणी म्हणेल, मग वारलीत काढू. वारलीसुद्धा डहाणू-तलासरीच्या आदिवासींची. लग्नात भिंतीवर देवचौक, म्हणजे देवाचं चौकोनी चित्र, लिहिणाऱ्या त्या सुवासिनींना आपण कधी विचारलं?

मुरनाँगची रोपं देशी झाडांच्या नर्सरीत मिळतात. मखराशेजारी खऱ्या कुंड्या ठेवू आणि विसर्जनानंतर त्या घरोघरी वाटू. रांगोळीत हात लावणाऱ्यांनी आजच नावं द्या.