क्राउडफंडिंगवरचं स्मार्टवॉच घ्यावं का? आधी पेबलचं काय झालं ते ऐका

नमस्कार मंडळी! इन्स्टाग्राम चाळताना एखादं भारी दिसणारं घड्याळ समोर येतं. महिनाभर बॅटरी, न फुटणारी काच, आधी पैसे भरणाऱ्यांना घसघशीत सूट. लिंक दाबली की किकस्टार्टर नाहीतर इंडीगोगोचं पान उघडतं. या क्राउडफंडिंगच्या साइट्स, म्हणजे वस्तू बनण्याआधीच लोकांकडून पैसे गोळा करणाऱ्या. मग प्रश्न पडतो, घ्यायचं का?

माझं उत्तर आधीच देऊन टाकतो. बहुतेकांनी घेऊ नये. सगळे चोर असतात म्हणून नाही हं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे ईथन मॉलिक यांनी २०१५ मध्ये किकस्टार्टरवर पूर्ण पैसे जमलेल्या सगळ्या प्रकारच्या प्रकल्पांचा अभ्यास केला. त्यात साधारण ९ टक्के प्रकल्पांनी कबूल केलेली वस्तू दिलीच नव्हती. म्हणजे बरेच जण काही ना काही देतात, बहुधा उशिरा. माझी अडचण वेगळी आहे. ती कळायला पेबल बघू.

आपल्याकडे ऑनलाइन सेलमध्ये पेबल नावाची स्वस्त घड्याळं दिसतात, तो निराळा भारतीय ब्रँड. मी बोलतोय कॅलिफोर्नियातल्या पेबलबद्दल. एरिक मिगिकोव्स्की या कॅनेडियन इंजिनियरची कंपनी. गुंतवणूकदार पैसे देईनात, म्हणून एप्रिल २०१२ मध्ये त्याने किकस्टार्टरवर १ लाख डॉलर मागितले. दोन तासांत जमले! कॅम्पेन संपेपर्यंत आकडा १ कोटी डॉलरच्या पुढे गेला होता. पैसे लावणारे जवळपास ६९ हजार.

(स्क्रीनवर: पहिल्या पेबलचा फोटो)

आता बघा. ठरवलं होतं हजारभर घड्याळं बनवायचं, आणि मागणी आली सुमारे ८५ हजारांची. हजार नग कसेही जुळवता येतात हो. ८५ हजारांसाठी साचे लागतात, कारखान्यात लाइन लागते, पाणी आत जाऊ नये म्हणून लावलेला गोंद प्रत्येक नगात तसाच बसावा लागतो. सप्टेंबर २०१२ चा वायदा होता, पहिली घड्याळं निघाली जानेवारी २०१३ मध्ये. आणि हे प्रामाणिक, हुशार टीमचं झालं. त्यामुळे पानावर 'डिलिव्हरी ऑक्टोबर' लिहिलेलं दिसलं तर पुढची दिवाळी धरून चाला.

पण घड्याळ आलं, आणि चांगलं आलं. साधा काळा-पांढरा डिस्प्ले, उन्हातही स्पष्ट, आठवडाभर चालणारी बॅटरी. मग २०१५ मध्ये रंगीत पडद्याचं पेबल टाइम आलं. पुन्हा किकस्टार्टर, या वेळी २ कोटी डॉलरच्या वर. तेही लोकांच्या हातात पडलं.

आता तुम्हीच सांगा, मे २०१६ मध्ये याच कंपनीने तिसरं कॅम्पेन काढलं तेव्हा शंका कोणाला येणार? दोन वेळा शब्द पाळलेला. १ कोटी २८ लाख डॉलर आले. आणि डिसेंबरमध्ये कंपनी बंद.

बाहेरून सगळं झकास दिसत होतं. आत विक्री अंदाजापेक्षा कमी झालेली, पैसा संपत आलेला. पेबलचं सॉफ्टवेअर आणि काही माणसं फिटबिट या फिटनेस बँड बनवणाऱ्या कंपनीने घेतली. तिसऱ्या कॅम्पेनमधलं पेबल टू काही जणांनाच मिळालं, टाइम टू आणि कोअर ही दोन मॉडेलं रद्द. ज्यांचं घड्याळ निघालं नव्हतं त्यांना पैसे परत मिळाले. ज्यांचं आलं होतं त्यांची वॉरंटी गेली! म्हणजे घड्याळ मिळालेला माणूस एका अर्थी जास्त फसला.

माझी अडचण हीच आहे. आपण विचारतो, 'वस्तू येईल ना?' पण स्मार्टवॉच आल्यानंतरही त्या कंपनीच्या जिवावर जगतं. ॲप, अपडेट, सर्व्हर, सगळं तिचं. पेबलच्या ऑनलाइन सेवा जून २०१८ अखेर बंद झाल्या. घड्याळं तरीही चालत राहिली, कारण रेबल नावाच्या हौशी मंडळींनी पर्यायी सेवा उभी केली. असं नशीब सगळ्या घड्याळांचं नसतं. एजंट नावाचं घड्याळ होतं, २०१३ मध्ये किकस्टार्टरवर १० लाख डॉलर जमवलेलं. ते लोकांपर्यंत आलंच नाही. त्याच वर्षी इंडीगोगोवर क्रेयॉस आलं, १५ लाख डॉलर घेऊन. त्यांची घड्याळं आली, पण जाहिरातीतल्या कितीतरी गोष्टी धड चालेनात.

बांधकाम चालू असलेल्या इमारतीत फ्लॅट बुक करतो ना आपण, तसंच हे. फरक इतकाच की इथे महारेरा नाही. किकस्टार्टर स्वतःच म्हणतं की आम्ही दुकान नाही. व्यवहार तुमचा आणि बनवणाऱ्याचा. तिथे ठरलेली रक्कम जमली नाही तर कोणाचेच पैसे कापले जात नाहीत, हे मात्र बरं. इंडीगोगोवर लक्ष्य गाठलं नाही तरी पैसे ठेवून घेता येतील असाही प्रकार चालत आलाय. त्यामुळे पैसे भरण्याआधी अटी नीट वाचा.

पान बघताना मी सगळ्यात आधी व्हिडिओ थांबवून थांबवून बघतो. घड्याळ खरंच कोणाच्या मनगटावर चालू आहे, की नुसती कॉम्प्युटरवर काढलेली चित्रं? स्क्रीनवर बोट फिरलं की काही हलतं का, कट न मारता? मग बघतो, ॲप नसेल तर घड्याळ निदान वेळ, अलार्म आणि नोटिफिकेशन दाखवेल का. याचं उत्तर पानावर नसेल तर मी तिथूनच मागे फिरतो.

आणि एक दावा दिसला तर पुढे वाचूच नका: 'सुई न टोचता रक्तातली साखर मोजतं.' औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मंजुरी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेने फेब्रुवारी २०२४ मध्ये इशारा दिला होता की असं स्वतंत्रपणे साखर मोजणारं एकही स्मार्टवॉच किंवा अंगठी त्यांनी मंजूर केलेली नाही. घरात मधुमेहाचा माणूस असेल तर हा विषय गमतीचा नाही. चुकीच्या आकड्यावर कोणी इन्सुलिनचा डोस ठरवला तर जिवावर बेतेल.

मग घ्यावं कोणी? ज्याच्याकडे रोज घालायचं घड्याळ आधीच आहे, ज्याला नव्या खटपटीची हौस आहे, आणि ते पैसे बुडाले तर घरी कोणाला सांगावंही लागणार नाही, त्याने. आई-बाबांना भेट म्हणून तर अजिबात नको. त्यांच्यासाठी गावातल्या दुकानातलं घ्या. पट्टा तुटला तर बदलून मिळतो.

तुम्ही विचाराल, नव्या पेबलचं काय? फिटबिट पुढे गुगलने घेतलं, आणि त्यासोबत पेबलचं सॉफ्टवेअरही त्यांच्याकडे गेलं. २०२५ च्या जानेवारीत गुगलने त्यातलं बहुतेक सगळ्यांसाठी खुलं केलं. मार्चमध्ये मिगिकोव्स्कीने छोट्या टीमसह नवी घड्याळं जाहीर केली. या वेळी किकस्टार्टर नाही, थेट त्यांच्या साइटवर आगाऊ नोंदणी. मला हे बरंच पटतं, कारण उद्या ही कंपनीही बुडाली तरी सॉफ्टवेअर लोकांच्या हातात राहील. मात्र भारतात मागवणार असाल तर कुरिअर, कस्टम ड्युटी आणि जीएसटी धरून किंमत काढा, आणि बिघडलं तर परदेशात पाठवावं लागेल हेही धरा. तो आकडा बघूनही हात कार्डाकडे जात असेल, तर बिनधास्त घ्या.