पावसाळ्यात गळाच्या शिशावर पावडर का बसत नाही?

नमस्कार मंडळी. गरवायला लागणारी शिशाची वजनं जे घरी ओततात, त्यांची मुंबईत जुलै लागला की एकच तक्रार असते: रंगवण्यासाठी पावडरसोबत (भाजून पक्का होणारा कोरडा रंग, म्हणजे पावडर कोटिंग) डब्यात घालून कितीही हलवा, पावडर धरतच नाही.

दोष हवेचा आहे. प्लास्टिकच्या छऱ्यांबरोबर शिसं हलवलं की घर्षणाने पावडरवर स्थिर विद्युत येते आणि ती धातूला चिकटते. दमट हवेत छऱ्यांवर, डब्यावर ओलाव्याचा पातळ पापुद्रा येतो आणि त्यातून ती वीज निघून जाते.

म्हणून पावसाळ्यात शिसं तापवून पावडरमध्ये बुडवा. मग पावडर विजेवर नाही, वितळून बसते.

आधी ॲसिटोनने तेलकटपणा पुसा. त्यानंतर उघडा हात लावू नका. वजन पकडीत धरून हीटगनखाली (गरम हवा फेकणाऱ्या यंत्राखाली) फिरवा, मोकळ्या केलेल्या पावडरमध्ये एक-दोन सेकंद बुडवा, बाहेर काढून टिचकी मारा. आता रंगाकडे नीट बघा. आधी मखमलीसारखा दिसतो आणि हळूहळू चकाकी येते, म्हणजे ताप बरोबर. धुरळाच राहिला तर कमी तापलंय. बुडवताच चकाकून थेंब लोंबायला लागला तर जास्त. पुढचं नग कमी तापवा. कडीचं भोक आत्ताच तारेने मोकळं करा, नंतर ते दगडासारखं होतं.

पावडर हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. गुठळ्या झाल्या तर चाळा, पण वाळवायला ओव्हनमध्ये घालू नका, गोळा होईल. एसीच्या खोलीतला डबा बाहेर आणलात तर बाहेरच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, आत दव धरतं.

शेवटी भाजणं, म्हणजे रंग ओव्हनमध्ये पक्का करणं. पावडरच्या पाकिटावरचं तापमान पाळा. बहुतेक पॉलिएस्टर पावडरला 180 ते 200 अंश सेल्सिअस लागतं. वेळ धातू तेवढा तापल्यावर मोजायची. शुद्ध शिसं 327 अंशांना वितळतं, पण भंगारातल्या अँटिमनीमिश्रित शिशाला 252 च्या आसपासच पाझर फुटू शकतो. ओव्हनच्या बटणावर भरवसा नको, आत वेगळा थर्मामीटर ठेवा, नग कॉइलपासून लांब टांगा. या ओव्हनमध्ये अन्न कधीही शिजवायचं नाही.

आणि ओतकाम पावसाळ्यात करणार असाल तर साचा आधी कडकडीत तापवा. वितळलेल्या शिशाखाली पाण्याचा एक थेंब अडकला तरी त्याची वाफ होऊन शिसं तोंडावर उडतं. चष्मा, हातमोजे आणि खेळती हवा हवीच.

थंड झालेल्या एका नगावर ॲसिटोनचा बोळा घासा. रंग बोळ्यावर उतरला तर भाजणं कमी पडलंय, सगळा घाणा परत ओव्हनमध्ये.