चेंडू येण्याआधीचा खेळ

(नेरूळमध्ये पालक आणि कोच यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

मंडळी, रविवारी सकाळी इथल्या कुठल्याही टर्फवर जा, जाळीबाहेरून एकच आरोळी ऐकू येते: ‘अरे, मार ना!’ चेंडू पायात आल्यावर काय करायचं, ते आपण आईबाप ओरडून सांगतो. माझ्या मते थोर फुटबॉलपटूंचा निम्मा खेळ त्याआधीच झालेला असतो.

21 जून 1970, मेक्सिकोचं अझ्टेका स्टेडियम. वर्ल्ड कपची फायनल, ब्राझील इटलीविरुद्ध 3-1 ने पुढे, शेवटची काही मिनिटं उरलेली. ब्राझीलचा क्लोदोआल्दो मैदानाच्या स्वतःच्याच हाफमध्ये एकामागून एक इटालियनांना चकवतो. रिव्हेलिनोचा लांब पास डावीकडे जाइर्झिन्योला, त्याच्याकडून चेंडू पेलेकडे. गोल समोर दिसतोय. आपण असतो तर डोळे मिटून हाणला असता! पेले शांतपणे चेंडू थांबवतो आणि उजवीकडे रिकाम्या जागेत अलगद सरकवतो. टीव्हीवर तिथे चिटपाखरूही दिसत नाही. आणि मग टीव्हीच्या चौकटीबाहेरून धावत येतो राइट बॅक, म्हणजे उजव्या बाजूचा बचावपटू, कार्लोस आल्बेर्तो. न थांबता फटका, गोल. कॅमेऱ्याला जो दिसला नव्हता, तो पेलेला दिसला होता.

मेस्सी मॅचच्या सुरुवातीला चक्क चालत असतो. ‘पळत का नाही?’ म्हणून लोक चिडतात. पण त्याची मान बघा: कोण जागा सोडतोय, कुठे फट पडतेय, याची पाहणी चाललेली असते. स्पेनचा मिडफिल्डर झावी तर चेंडू येईपर्यंत सतत मागे वळून बघायचा. नॉर्वेचे संशोधक गेइर योर्डेट यांनी खेळाडूंच्या माना किती वेळा वळतात, ते अक्षरशः मोजलं; जास्त वेळा बघून घेणाऱ्यांचे पास जास्त अचूक निघाले.

आपला सुनील छेत्री काही ताडमाड नाही. तरी भारतासाठी केलेल्या नव्वदहून अधिक गोलांत हेडर, म्हणजे डोक्यानं मारलेले गोलही भरपूर. क्रॉस, म्हणजे बाजूनं गोलसमोर येणारा पास, कुठे पडणार, हे ओळखून तो आधीच तिथे पोचलेला असायचा.

मॅराडोना मात्र माझ्या या मांडणीत बसत नाही. 1986 मध्ये इंग्लंडविरुद्ध तो स्वतःच्या हाफमधून सुटला आणि गोलकीपरलाही चकवून गोल करूनच थांबला. त्याला कुठल्याच व्याख्यानात कोंबू नये.

टीव्ही चेंडूच्या मागे पळतो, म्हणून हे सगळं स्टेडियममध्येच नीट कळतं. तशी संधी आपल्याकडेही आली होती: 25 ऑक्टोबर 2017 ला आपल्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर अंडर-17 वर्ल्ड कपची स्पेन-माली सेमीफायनल झाली. स्पेन 3-1 ने जिंकलं. त्यातला एक गोल फेरान तोरेसचा, जो पुढे बार्सिलोनाकडून खेळला.

कोच मंडळींसाठी एक साधा सराव सांगतो. पोराला पास द्या, त्याच्या पाठीमागे दुसऱ्याला उभं करा आणि बोटं दाखवायला सांगा. चेंडू पायात यायच्या आत पोरानं मागे वळून आकडा ओरडायचा. आणि तेवढा वेळ जाळीबाहेरच्या आईबाबांनी गप्प बसायचं, नाहीतर आकडा ऐकू कसा येणार?