उलटं पॅडल आणि डॅन्यूबचं पाणी

मंडळी, सुरुवात पडण्यापासूनच करते. डॅन्यूब नदीच्या काठाने व्हिएन्नापर्यंत जायला जर्मनीत पासाऊला आम्ही भाड्याच्या सायकली घेतल्या. सिग्नल आला, मी सवयीने पॅडल जरा उलटं फिरवलं आणि सायकल जागच्या जागी खिळली. मी मात्र खिळले नाही. गुडघा फुटला.

आपण इंदूरच्या रामबागेत तासाच्या भाड्याने सायकली आणून, कैची मारत शिकलेली माणसं. उतारावर टर्र्र करत उलटं पॅडल फिरवणं ही आपली शान. तिकडच्या बऱ्याच भाड्याच्या सायकलींना मागचा ब्रेक पॅडलमध्येच असतो, उलटं दाबलं की लागतो. दुकानदाराने सांगितलंही असेल. पण माझं जर्मन 'धन्यवाद'पाशी संपतं.

पासाऊ ते व्हिएन्ना, डॅन्यूबच्या काठाने साधारण 320 किलोमीटर. आम्ही दोघांनी आठ दिवस लावले. आमच्याहून म्हातारे लोक रोज आम्हाला मागे टाकून, वर हात हलवून पुढे जायचे! यात पराक्रम काही नाही, कारण नदी उताराला निघालेली आणि आपण तिच्याबरोबर. वाराही बहुतेक पश्चिमेकडून, म्हणजे पाठीवर. म्हणून सगळे पासाऊहूनच निघतात.

रस्ता इतका सपाट कसा, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. इंजिनं नव्हती तेव्हा मालाच्या नावा प्रवाहाविरुद्ध वर न्यायला काठावरून घोडे दोर ओढत चालायचे. घोड्यांसाठी पाण्यालगत वाट केलेली होती. आजचा सायकलमार्ग बराचसा त्याच वाटेवरून जातो. घोड्याला जड जाईल असा चढ तिथे ठेवलाच नव्हता. आपण फुकटात त्यांच्या घामावर चालतो.

आता माझी एक गंमत सांगते. जन्म गेला इंदूरात. नळाला नर्मदा येते, ती जलूदहून 70 किलोमीटरांवरून पंपाने चढवून आणलेली. पण नदीच्या काठाने, तिच्या चालीने, सलग आठ दिवस मी कधी गेले नव्हते. सिमरोलचा घाट उतरून ओंकारेश्वर, दर्शन, आणि संध्याकाळी घरी. परिक्रमावासींचा नियम असा की नर्मदा उजव्या हाताला ठेवायची आणि ओलांडायची नाही. मी डॅन्यूब दिवसातून तीनदा ओलांडायची. कधी पुलावरून, कधी धरणाच्या भिंतीवरून, कधी सायकलीसकट छोट्या होडीतून. आणि दर वेळी मनात चोरटं वाटायचं, मैया रागावेल.

श्लोगेनजवळ नदी डोंगराला अडून एवढी उलटी वळते, की तासभर सायकल चालवून आपण जिथून निघालो तिथेच आलो असं वाटतं. डोंगर मात्र आता दुसऱ्या बाजूला.

लिंझच्या पुढे माझं पुढचं चाक पंक्चर. आपल्याकडे दर चौकात हवा-पंक्चरवाला आणि त्याची पाण्याची परात. तिथे दोन्हीकडे मक्याची शेतं. ट्यूब काढली, भोक दिसेना. तेव्हा आमचे हे ट्यूब गळ्यात घालून खाली नदीत उतरले आणि डॅन्यूबमध्ये बुडवून बुडबुडे शोधू लागले. समोरून एक भलंमोठं क्रूझचं जहाज भोंगा वाजवत गेलं. डेकवरच्या लोकांनी फोटो काढले. कुठल्या तरी अल्बममध्ये आमचे हे असणार, विजार गुडघ्यापर्यंत वर करून.

व्हॉल्व्ह उघडला तर जुनी ओळख निघाली. आपल्या काळ्या सायकलीला असतो त्याच घराण्यातला. फक्त आतली रबराची नळी नाही, त्यामुळे हवा भरताना दम लागत नाही.

वाखाऊबद्दल फार बोलत नाही, ते खोरं 2000 साली युनेस्कोच्या यादीत गेलंय, फोटो सगळीकडे आहेत. किल्ला आहे, द्राक्षमळे आहेत. मला बोलायचंय ते जर्दाळूच्या क्नोडेलबद्दल. अख्खा ताजा जर्दाळू चक्क्याच्या पिठात गुंडाळायचा, उकळत्या पाण्यात सोडायचा, आणि लोण्यात परतलेल्या पावाच्या चुऱ्यात घोळवायचा. म्हणजे मोदकच, फक्त कळ्या पाडलेल्या नाहीत. इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे आपल्या रात्रीच्या खाऊबाजारात, अकराला कोणी हे काढलं तर भुट्ट्याच्या किसाला भारी पडेल. पडणार नाही म्हणता? बरं, बरोबरीला राहील.

राहायचं काय, असं बऱ्याच जणांनी आल्या आल्या विचारलं. गावोगाव घरांवर 'त्सिमर फ्राय' अशी पाटी असते, म्हणजे खोली रिकामी आहे. बेल वाजवायची. सायकली आधी कोठीत जातात, मग माणसं वर. जुलैत मात्र आधी ठरवून जा.

व्हिएन्नाला सायकली परत केल्या आणि मी दुकानातून एक सुटा व्हॉल्व्ह विकत घेतला. घरी माझी जुनी लेडीज सायकल पडून होती. ती कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे नेली, म्हटलं भैया, हा बसतो का बघा. त्याने उलटसुलट पाहिला, जुना काढला, हा बसवला, आणि परातीत बुडवला. एकही बुडबुडा नाही. पैसे घेईना. म्हणाला, असे आणखी चार आणले असते तर बरं झालं असतं.