सर्क्युलर आलं होतं, कुणाला कळलंच नाही

(नगरपरिषद कर्मचाऱ्यांच्या मेळाव्यातलं भाषण. बोललं तसंच ठेवलंय, फक्त थोडं सारखं केलंय.)

बसा बसा, मागचे लोक पुढे या, फॅन पुढेच आहे. मला अर्धा तास दिलाय आणि विषय दिलाय "कर्मचारी कल्याण आणि कार्यालयीन बातम्या", आता हे ऐकूनच अर्ध्या लोकांना जांभई आली असणार, मलाही आली होती. पण एकतीस वर्षं मी आस्थापना टेबलला काढली, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नोकरीचे कागद बघणाऱ्या टेबलला, कोकणातल्याच नगरपरिषदेत, नाव सांगत नाही कारण जे सांगणार आहे त्यात आमची काही शोभा नाही.

आमच्याकडे पाणीपुरवठ्याला एक व्हॉल्व्हमन होता. पहाटे तीनला सायकल काढायचा, टाकीवर जायचा, वॉर्डावॉर्डाचे व्हॉल्व्ह फिरवत सात वाजता घरी, परत दुपारी. एकेचाळिसाव्या वर्षी अटॅकनं गेला. पंधरा दिवसांनी बायको आली, दोन मुलं, आम्ही सर्व्हिस बुक उघडलं तर नॉमिनेशनच्या पानावर आईचं नाव. लागला तेव्हा लग्न झालेलं नव्हतं म्हणून आईचं लावलेलं, आणि ती आई सुद्धा चार वर्षांपूर्वी वारलेली. मग काय, कोर्ट, वारस दाखला, वकील, तारखा, अडीच वर्षं गेली त्या बाईची. आणि आता ऐका, लग्न झालं असेल किंवा नॉमिनी हयात नसेल तर नामनिर्देशन बदलून घ्या असं सर्क्युलर आमच्याच ऑफिसनं त्याच्या आधी दोन वर्षं काढलं होतं. मी फाइल काढून बघितली. त्यावर सगळ्या खातेप्रमुखांच्या सह्या होत्या, प्रत्येक सहीच्या वर लिहिलेलं "पाहिले". पाणीपुरवठ्याच्या साहेबांनी पण पाहिलेलं. मी पण पाहिलेलं, माझी सही खालून दुसरी.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्याकडे कल्याणाच्या योजना कमी आहेत हे खरं, पण ज्या आहेत त्यांची बातमी ज्याला हवी त्याच्या कानावर जातच नाही, आणि त्याचा त्रास पगार उशिरा होण्याएवढाच असतो, फक्त तो उशिरा कळतो.

कागदाचा प्रवास बघा ना. टपाल बारनिशीत, म्हणजे आवक-जावक टेबलला येतं, आवक नंबर पडतो, साहेबांकडे जातं, साहेब वर कोपऱ्यात मार्क करतात, मग आस्थापनाला येतं, आस्थापना त्याच्या झेरॉक्स काढून खात्यांना देतं, खात्यात हेडक्लार्क सही करून फाइलला लावतो. संपलं. सफाई कामगार हजेरीला येतो पहाटे पावणेसहाला, फायरमन स्टेशनात, वसुलीवाला गल्लीत, म्हणजे नोटीस बोर्ड ऑफिसच्या जिन्यात आणि माणसं सगळी रस्त्यावर. आणि त्या बोर्डाला काच, काचेला कुलूप, किल्ली शिपायाकडे, शिपाई रजेवर.

यावर काही ठिकाणी छान रंगीत वार्तापत्र काढतात. आमच्याकडे पण एकदा निघालं. पहिल्या पानावर साहेबांचा फोटो, दुसऱ्यावर अध्यक्षांचा, तिसऱ्यावर वृक्षारोपण करताना दोघांचा एकत्र. एका मुकादमानं मला विचारलं, यात आमच्या गमबुटाचं काय झालं ते कुठल्या पानावर आहे? ते वार्तापत्र दोन अंकांत बंद पडलं, बरं झालं.

मग जागा रिकामी राहत नाही, ती व्हॉट्सॲप भरून काढतं. सकाळी उठलात की डीए म्हणजे महागाई भत्ता वाढला, दुपारी डीए थांबला, रात्री निवृत्तीचं वय साठ झालं. आता एक साधी गोष्ट सांगतो, लिहून घ्या. खऱ्या जीआरच्या, म्हणजे शासन निर्णयाच्या शेवटी लिहिलेलं असतं की हा शासन निर्णय शासनाच्या वेबसाइटवर उपलब्ध आहे आणि त्याचा सांकेतांक अमुक, तो अठरा आकड्यांचा असतो, त्यातले पहिले आठ म्हणजे तारीख, आधी वर्ष मग महिना मग दिवस. फॉरवर्ड आला की आधी ते आठ आकडे बघा, वरच्या तारखेशी जुळतात का, आणि मग साइटवर तो नंबर टाकून बघा. नाही सापडला तर पुढे पाठवू नका, अगदी साडूनं पाठवला असला तरी.

दुसरं, हे जास्त महत्त्वाचं. राज्य शासनाचा जीआर निघाला म्हणजे तो आपल्याला आपोआप लागू झाला असं नसतं. आपण स्थानिक स्वराज्य संस्था, आपल्याला बऱ्याचदा वेगळं पत्र लागतं, कधी सभेचा ठराव लागतो, कधी नगरविकास खात्याचं पत्र. उदाहरण घ्या, १ नोव्हेंबर २००५ पासून पुढे लागलेले जे आहेत ते जुन्या पेन्शनमधून बाहेर गेले, त्यासाठी मार्च २०२३ मध्ये सात दिवस संप झाला, "एकच मिशन, जुनी पेन्शन" तुम्हीच ओरडलात, मी पण शेवटच्या रांगेत होतो. त्याच ३१ मार्चला शासनानं एनपीएस म्हणजे नव्या पेन्शन योजनेतल्या शासकीय कर्मचाऱ्यांसाठी कुटुंब निवृत्तिवेतन आणि मृत्यू उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा निर्णय काढला. आता हा आपल्या आस्थापनेला कोणत्या पत्रानं, कुठल्या तारखेपासून, विकल्प कुणी भरायचा, हे शोधणारा एक माणूस प्रत्येक ऑफिसात पाहिजे. नुसतं "लागू झालं रे" म्हणून पेढे वाटून काय होणार, उद्या घरात प्रसंग आला तर ते पत्र कुठे आहे हे बायकोला कोण सांगणार.

आम्ही काय केलं ते सांगतो, फार मोठं नाही. त्या व्हॉल्व्हमनच्या प्रकरणानंतर मला झोप नीट येईना, तेव्हा मी हजेरी कोठीवर, म्हणजे सफाईवाल्यांची हजेरी लागते तिथे जायला लागलो, दर गुरुवारी पावणेसहाला, हजेरी झाली की दहा मिनिटं. आठवड्याचं टपाल साध्या भाषेत वाचून दाखवायचं. पहिल्या गुरुवारी सगळे झाडू घेऊन उभेच राहिले, त्यांना वाटलं कुणाला तरी सस्पेंड केलंय. एक मावशी मला म्हणाल्या, "माका खंय वाचूक येता, तू वाच, मी आयकतंय." मग तसंच ठरलं. "उपरोक्त संदर्भीय विषयान्वये" वगैरे सगळं गाळायचं आणि तीनच गोष्टी सांगायच्या, कुणाला, काय, कधीपर्यंत. खाली कोठीच्या भिंतीला तेच मोठ्या अक्षरात एक पान, खळीनं चिकटवलेलं. काच नाही, कुलूप नाही. पावसाळ्यात भिजायचं, परत लावायचं.

एका वर्षात नॉमिनेशनचे ढिगानं फॉर्म आले. तेव्हा कळलं की कितीतरी जणांनी आपलं सर्व्हिस बुक लागल्यापासून एकदाही बघितलेलं नव्हतं. तुम्ही बघितलंय? हात वर करा. बघा, मागच्या दोन रांगांत एक पण नाही. अहो ते तुमचंच आहे, वर्षातून एकदा बघून सही करायची असते, जन्मतारीख, वेतननिश्चिती, रजेचा हिशेब, सगळं त्यात. अर्जित रजा वर्षाला तीस, जानेवारीत पंधरा जुलैत पंधरा, आणि तीनशेच्या वर साठत नाही, हे रजा नियम १९८१ मध्ये आहे. तीनशेच्या वरची गेली ती गेली, आणि आपल्यातले काही जण रजा न घेतल्याचा अभिमान बाळगतात! साहेबांना ते आवडतं, शरीराला आवडत नाही.

शरीरावरून आठवलं. इथे सफाईवाले, गटारवाले किती आहेत? तुमच्यासाठी दोन बातम्या आहेत, जुन्या आहेत पण कोठीवर वाचल्या तेव्हा निम्म्यांना नव्या होत्या. एक, २०१३ चा कायदा आहे, सेप्टिक टँक किंवा गटारात सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवायला बंदी. आणि २० ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की अशा कामात मृत्यू झाला तर कुटुंबाला ३० लाख, कायमचं अपंगत्व आलं तर कमीत कमी २० लाख. आधी मृत्यूला १० होते. पण मी कोठीवर आकडा शेवटी सांगायचो, आधी सांगायचो की उतरायचं नाही. ठेकेदार म्हणेल पाच मिनिटांचं काम आहे. आतल्या गॅसला पाच मिनिटं पण लागत नाहीत. आणि पहिला पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो, बहुतेक वेळा असेच दोघे-तिघे जातात, तेव्हा वरून ओरडा, फायरला फोन करा, पण उतरू नका.

दोन, लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप. आपल्या कोकणात पाऊस लागला की येतोच. उंदराच्या लघवीतून पाण्यात, पाण्यातून पायाच्या भेगेतून आत. ताप आला, पोटऱ्या दुखतात, डोळे लाल झालेत, तर मेडिकलमधून क्रोसिन घेऊन कामावर येऊ नका, सरळ सरकारी दवाखान्यात जा आणि सांगा की मी गटारात काम करतो. हे सांगणं महत्त्वाचं, नाहीतर डॉक्टर साधा ताप समजतो. साचलेल्या पाण्यात काम झालं असेल तर आधीच गोळी देतात, ती आरोग्य खात्याकडून मागून घ्या, पावसाच्या पहिल्या आठवड्यातच मागा. गमबुटाचं म्हणाल तर एका वर्षी आमच्याकडे सगळे नऊ नंबरचे आले, बायकांना सुद्धा नऊ. मी भिंतीवर तेच लिहिलं, "गमबूट आले, सगळे नऊ नंबरचे, बदलून मागितले आहेत." साहेब चिडले, पण बूट बदलून आले.

आता ऑफिसमधल्यांनी असं समजू नका की तुमचं काही नाही. पाच दिवसांचा आठवडा आला २९ फेब्रुवारी २०२० ला, पावणेदहा ते सव्वासहा, पण पाणी, सफाई, फायर या अत्यावश्यक सेवा त्यातून बाहेर, म्हणजे एकाच बिल्डिंगमध्ये निम्म्यांना शनिवार आणि निम्म्यांना नाही, आणि त्यावरून जी कुजबूज होते ती आपण कधी उघड बोलत नाही. वसुलीवाल्यांना तर मार्चमध्ये रविवार पण नसतो. घरपट्टीचं टार्गेट, वर इलेक्शन ड्युटी, काउंटरवर शिव्या. जागतिक आरोग्य संघटना आणि आयएलओ म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं २०२१ मध्ये सांगितलंय, आठवड्याला पंचावन्न तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना पस्तीस ते चाळीस तासवाल्यांपेक्षा स्ट्रोकचा धोका साधारण ३५ टक्के जास्त. मार्च एंडला तुमचे तास मोजा एकदा. मी मोजले होते, सांगत नाही किती.

आणि मनाचं. आपल्याकडे कुणी शांत शांत झाला, मस्टरवर सही करून बाकावर बसून राहायला लागला, किंवा दुपारीच वास यायला लागला, की आपण म्हणतो "त्याचं जाऊ दे". मी पण म्हटलंय, आणि त्यातला एक आज नाहीये. १४४१६ हा नंबर आहे, टेलिमानस, केंद्र सरकारचा, ऑक्टोबर २०२२ पासून, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. नंबर कोठीच्या भिंतीवर लिहिला तेव्हा आठवडाभर कुणी काही बोललं नाही, नंतर एक फायरमन आला आणि म्हणाला, साहेब तो नंबर जरा खाली लिहा, मोबाईल हातात धरून वर बघत उभं राहिलं की सगळ्यांना कळतं. मग आम्ही तो बाथरूमच्या दाराच्या आतल्या बाजूला पण लावला.

बरं, चिठ्ठ्या आल्यात, एकच घेतो. एका ताईंनी विचारलंय, बालसंगोपन रजा मागितली तर साहेब म्हणतात आपल्याकडे अशी रजाच नाही. ताई, २०१८ च्या जुलैमध्ये शासनानं ती आणली, संपूर्ण सेवेत १८० दिवस, पहिल्या दोन मुलांसाठी, मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत. साहेबांशी तोंडी वाद घालू नका, तोंडी वादाला आवक नंबर पडत नाही. अर्ज दोन प्रतीत लिहा, आपल्या आस्थापनेला ही रजा ज्या पत्रानं लागू झाली ते आस्थापना टेबलला शोधायला लावा, त्याचा नंबर अर्जात टाका, आणि अर्ज साहेबांच्या हातात देऊ नका, बारनिशीत द्या आणि तुमच्या प्रतीवर गोल शिक्का, तारीख आणि सही घेऊनच तिथून हला. बारनिशीवाला शिक्का सापडत नाही म्हणाला तर तिथेच बसा. सापडतो तो.